खालून नव्हे, वरून

माणसे गंधावरून लक्षात ठेवण्याची मला जुनी सवय आहे. कोणी ओल्या खडूचे असते, कोणी कापराचे, कोणी नुकत्याच इस्त्री केलेल्या सुती कापडाचे. डॉक्टर शशिकला ढवळे लसणाच्या होत्या. लसूण, वाळलेले समुद्रशैवाल, उसाची मळी आणि या सगळ्यांवर मोठ्या आशेने शिंपडलेले मोगऱ्याचे अत्तर. जिन्यात बाईंच्या आधी त्यांचा वास येई, आणि त्या निघून गेल्यावरही तो बराच वेळ घुटमळे. निरोप घेतलेल्या पाहुण्याने दारात उभे राहून पुन्हा गप्पांना सुरुवात करावी तसा.

वागळे इस्टेटमधल्या एका पशुखाद्याच्या कंपनीत मी मराठी लिहिण्यासाठी रुजू झाले होते. एम. ए.ला कवितेचा विशेष अभ्यास केलेल्या मुलीला पोत्यांवरचा मजकूर लिहावा लागतो, यात दुःख मानण्यासारखे काही नाही, अशी माझी मी समजूत घातली होती. ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ या ओळीत लय सापडते का, हे शोधत मी पहिल्या सकाळी पहिल्या मजल्यावर गेले, तर प्रयोगशाळेच्या दारातच ढवळेबाईंनी मला अडवले. ठेंगणी, रुंद बांध्याची मूर्ती. जाड सुती साडीवर पांढरा कोट, कोटाच्या एका खिशात स्टेथोस्कोप, दुसऱ्यात कंगवा.

“हात पुढे करा,” त्या म्हणाल्या.

मी तीर्थाला धरतात तसा उजवा तळवा धरला. त्यावर त्यांनी चिमूटभर राखाडी-हिरवी पूड ठेवली. घरच्या संस्कारांचा परिणाम. मी ती डोळ्यांना लावून तत्काळ तोंडात टाकली.

प्रयोगशाळेतली काचेची सगळी किणकिण थांबली.

“हुंगायला दिली होती,” बाई म्हणाल्या. “असू दे. कशी लागते?”

“ओहोटीनंतरच्या खडकासारखी,” मी म्हणाले. “आणि शेवटी कोणीतरी त्या खडकाला लसणाची फोडणी दिल्यासारखी.”

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “कविता करता?”

“हो.”

“मग टिकाल इथे. आमची ही रसायनशास्त्राची मंडळी नुसतं ‘खारट’ म्हणतात आणि तांब्याभर पाणी पितात.”

पुढे कळले, ती पूड बाईंनी माझ्याआधी स्वतः खाल्लेली होती. आपण खाल्ले नाही ते जनावरापुढे ठेवायचे नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्या डब्यात पोळीभाजीच्या शेजारी एक छोटी डबी असे, आणि तिच्यात आठवड्याचे नवे मिश्रण. नव्याने आलेल्या एका लेखापालाने चटणी समजून ते दोनदा मागून घेतले आणि घरच्यांसाठी कृतीही विचारली. बाईंनी ती गंभीरपणे सांगितली. फक्त प्रमाण चारशे किलोच्या जनावराचे होते.

ही पूड कशासाठी, ते सांगायला हवे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या चार कप्प्यांच्या पोटातला पहिला कप्पा म्हणजे आंबवणाचे एक प्रचंड पिंप असते. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव चारा आंबवत असतात, आणि त्या उद्योगातून मिथेन नावाचा वायू तयार होतो. जनावर तो हवेत सोडते आणि आपली पृथ्वी आणखी थोडी तापते. बाईंची पूड आंबवणात मिसळली की मिथेन कमी निघतो. माझी पंचाईत अशी की या मिथेनला रंग नाही, चव नाही, आणि वासही नाही. मी वासांवर जगणारी. ज्याच्याविरुद्ध आमची सारी लढाई, तो शत्रूच मला कधी हुंगायला मिळाला नाही.

हा वायू जनावराच्या मागच्या बाजूने जातो, असा समस्त मानवजातीचा समज आहे. तो मुख्यतः तोंडावाटे, ढेकरातून जातो. ढवळेबाईंचे अर्धे आयुष्य या एका दिशेच्या दुरुस्तीत गेले. “खालून नाही हो, वरून!” हे वाक्य त्या इतक्या ठिकाणी, इतक्या तळमळीने म्हणत, की त्यांच्या डोंबिवलीच्या इमारतीत लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या त्यांना पाहून कोणीही बटण दाबण्याआधी हसू आवरत असे.

ठाण्यातल्या एका सभागृहात पर्यावरणाचा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे निवृत्त अधिकारी, फार सभ्य गृहस्थ. भाषणात ते विषयाच्या जवळ येत आणि पुन्हा लांब जात. शेवटी म्हणाले, “जनावरांच्या या... म्हणजे... त्या... नैसर्गिक उत्सर्जनामुळे...” आणि त्यांचा हात नकळत स्वतःच्या पाठीमागे गेला. समोरच्या रांगांतून बाईंचा आवाज आला, “खालून नाही हो, वरून!” पाहुण्यांना वाटले, सूचना ध्वनिक्षेपकाबद्दल आहे. त्यांनी तो नम्रपणे वर केला. “आता बरोबर?” त्यांनी विचारले. “अजिबात नाही,” बाई म्हणाल्या. पाहुण्यांनी तो आणखी वर केला, आणि उरलेले भाषण टाचा उंचावून पूर्ण केले.

ढेकर हा बाईंच्या लेखी केवळ शारीरिक प्रकार नव्हता. ती एक भाषा होती, आणि तिचे व्याकरण त्यांना पाठ होते. आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात पंगतीच्या टोकाला कोणीतरी मोठ्याने ढेकर दिला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाईंनी मान तिरकी करून ऐकले आणि यजमानांना बोलावले. “हा भरल्या पोटाचा नाही. नुसती हवा आहे. त्या कोपऱ्यातल्या काकांना अजून काही वाढलेलं नाही. बघा जाऊन.” खरोखरच त्या काकांच्या पानावर मीठ आणि लिंबाची फोड एवढेच होते.

दुपारच्या जेवणानंतर त्या कोणाशी कामाचे बोलत नसत. त्या वेळेला त्यांनी ‘रवंथ’ असे नाव दिले होते. खुर्चीत मागे रेलून, डोळे अर्धे मिटून त्या शांत बसत, आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी तसेच बसावे असा आग्रह धरत. रवंथ हा शब्द त्या अशा काही सावकाश उच्चारत, की त्यातला थ जिभेवर विरघळेपर्यंत पुढचे वाक्य येत नसे. एकदा आमचे संचालक पाहुण्यांना घेऊन नेमके तेव्हाच वर आले. बाईंनी डोळे न उघडता तळहात दाखवला. “साहेब, गिळलेलं परत वर येतंय. थोडं थांबा.” पाहुणे जिन्यातूनच परतले.

त्यांचे पती, आप्पा ढवळे, बँकेतून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. मी एकदा डोंबिवलीला त्यांच्या घरी गेले तेव्हा बाई स्वयंपाकघरात होत्या. आप्पांनी आवाज खाली आणला. “लग्नानंतरची पहिली दोन वर्षं ही माझ्याकडे अशी बघायची, की वाटायचं माझ्यात काहीतरी कमी आहे. पुढे उलगडा झाला. तीन पोटं कमी होती.”

या बाईंवर संकट आले ते मांजरांच्या रूपाने. एका दुपारी, अर्थात रवंथानंतर, संचालकांनी त्यांना खाली बोलावले. मी शेजारच्या टेबलावर पोत्याचा मजकूर तपासत होते.

“ढवळेबाई, जग बदललंय. घोडबंदर रोडच्या टॉवरांत बघा. प्रत्येक मजल्यावर मांजर आहे. तिच्या खाऊला लोक किती देतात, कल्पना आहे? मांजरांच्या खाद्यासाठी मला तुमच्या प्रयोगशाळेची जागा हवी आहे.”

“मांजर रवंथ करत नाही,” बाई म्हणाल्या. हा मांजराच्या चारित्र्यावरचा डाग असावा तसे त्या बोलल्या.

“नसेल करत. पण मांजराचा मालक पैसे देतो. तुमची पूड घ्यायला अजून एकही गोठेवाला पुढे आलेला नाही.”

शेवटी एकच सवलत मिळाली. मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या हेल्यांवर, म्हणजे रेड्यांवर, एका गोठ्यात चाचणी घ्यायची. गोठ्यात आल्यापासून विकले जाईपर्यंत पूड रोज पोटात गेली पाहिजे. मध्ये खंड पडला, जनावर दगावले किंवा गोठेवाल्याने नाही म्हटले, की पूड बंद, आणि प्रयोगशाळेत मांजरे.

इमारतीतल्या एका शेजारणीने बाईंना विचारले होते, “शेवटी कापायचीच ना ती? मग त्यांच्या पोटाची एवढी काळजी कशाला?”

“शेवटी कापायचं आहे, म्हणून तोवर पोट बिघडलेलं चालतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?” बाईंनी विचारले, आणि लिफ्ट आली तरी त्या जिन्यानेच उतरल्या.

गोठा कल्याणच्या बाहेर, मलंगगडाच्या वाटेवर होता. जनूशेठ त्याचे मालक; गळ्यात साखळी, पायांत रबरी बूट, आणि जनावरांशी व पाहुण्यांशी एकाच पट्टीत बोलण्याची रीत. खरी सत्ता त्यांच्या आईची, हौसाबायची होती. ती गोठ्याच्या दारात खाटेवर बसून आत जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची चौकशी करी. गोठ्यात शिरले की पहिल्यांदा उबदार शेणाचा वास येई, मग भिजवलेल्या सरकीच्या पेंडीचा तेलकट गोडवा, मग काळ्याभोर, घामेजल्या कातड्यांचा, पाऊस उघडल्यावरच्या डांबरी रस्त्यासारखा दर्प. बाई दारातच थांबून दीर्घ श्वास घेत. मग एकेका हेल्याच्या डाव्या कुशीला स्टेथोस्कोप लावून त्या डोळे मिटत. पिंप त्या बाजूला असते.

“ऐका,” एकदा त्यांनी नळ्या माझ्या कानात घातल्या. दूरवर लाट फुटावी, मागे सरावी, थोडा वेळ काहीच नसावे आणि पुन्हा फुटावी, असा तो आवाज होता. “लिहा यावर काहीतरी,” बाई म्हणाल्या. “पण यमकाच्या नादाला लागू नका.”

ढेकरातला मिथेन मोजण्यासाठी प्रत्येक हेल्याच्या गळ्यात स्टीलचा एक डबा अडकवलेला होता, आणि त्यातून निघालेली बारीक नळी नाकपुडीपर्यंत गेलेली. श्वासाबरोबर, ढेकराबरोबर निघालेली हवा थोडी थोडी डब्यात जमे.

“काय गो डाक्टरीन,” हौसाबायने पहिल्याच दिवशी विचारले, “यांच्या गल्यात डबं कनाला बांधलं?”

“त्यांच्या ढेकराची हवा साठवायला, आजी.”

हौसाबायने थोडा विचार केला. “माज्या नातवाला पन रोज डबा बांधून देतंव. तो भरलेला नेतो न रिकामा आनतो. तुमचं उलटंच हाय.”

तेव्हापासून गोठ्याला ‘हापिस’ म्हणण्याची पद्धत पडली. सर्वांत थोराड, संथ आणि आपल्या जागेवरून मुळीच न हलणाऱ्या हेल्याला जनूशेठने ‘हेडक्लार्क’ असे नाव दिले. सगळे नीट चालले होते. पूड पेंडीत मिसळून जात होती, डबे भरत होते, आणि बाईंच्या चेहऱ्यावर एक प्रकारची सावळी तकाकी आली होती, जी मी पुढे हेल्यांच्याही अंगावर पाहिली.

मग नचिकेत आला. तो आमचा विक्रीप्रमुख. पांढरे बूट, पांढरी गाडी, आणि बोलण्यात घाई. मी माहितीपत्रकात लिहिले होते, ‘ढेकर तोच, त्यातला मिथेन कमी.’ त्याला ते लांबलचक वाटले.

“मॅम, पब्लिकला सायन्स नको. पब्लिकला पंच पाहिजे.”

बाईंना किंवा मला न विचारता त्याने गोठ्याच्या दारावर एक मोठा फलक लावून टाकला. त्यावर हेल्याऐवजी कुठल्याशा परदेशी गाईचा फोटो होता. ती लाजल्यासारखी एक खूर तोंडावर धरून उभी होती, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘आता ढेकर बंद, धरती आनंद!’ यमकासाठी माणसे कोणत्या थराला जातात, हे मी कवितेच्या जगात जवळून पाहिले होते. पण तिथे कोणाचा जीव धोक्यात येत नसे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी बाईंचा मला फोन आला. मीही डोंबिवलीचीच, दोन गल्ल्या सोडून. “लगेच खाली या. जनूशेठचा फोन होता. ते म्हणतात, ‘डाक्टरीनबाय, तुमचा ढेकर बंद जाला.’” रिक्षात बाईंच्या मांडीवर गोडेतेलाची बाटली होती आणि तिचे झाकण त्या सारखे पिळून पाहत होत्या. पोटात घालायची मोठी नळी प्रयोगशाळेत होती. ती घेऊन नचिकेतने ठाण्याहून निघावे असे त्यांनी त्याला कळवले होते.

गोठ्यापुढे निम्मे गाव जमले होते. मधोमध हेडक्लार्क उभा होता, मान लांब केलेली, डोळे बाहेर आलेले, तोंडातून लाळेची तार. त्याची डावी कूस फुगून पाठीच्या वर आली होती, आणि बाईंनी बोटाने टिचकी मारली तेव्हा ती डग्ग्यासारखी वाजली. शेजारच्या घरी मांडव घातलेला, झेंडूचा आणि शिळ्या वाटणाचा वास. फलकाखाली खाटेवर हौसाबाय बसली होती.

“मना वाचता येतं,” ती कडाडली. “चवथी शिकलंय मी! ढेकर बंद जाला म्हंजे हेला मेला, ह्यो पोराटोराला पन ठावं हाय. न तुमीच भिताडावर लिवलाव, ढेकर बंद!”

बाईंनी मान वर करून फलक वाचला. तो त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांचा चेहरा असा झाला, की मला क्षणभर हेडक्लार्कपेक्षा त्यांची काळजी वाटली.

“आजी,” त्या म्हणाल्या, “तुमचं अगदी बरोबर आहे. ढेकर थांबला तर जनावर जातं. हे ज्याने लिहिलं त्याला एवढंही माहीत नाही. त्याच्याशी मी नंतर बोलेन. काल याने काय खाल्लं?”

“रोजचाच. पेंड न पेंढा,” जनूशेठ म्हणाले.

“आणखी?”

बाईंनी हेल्याच्या तोंडाशी नाक नेले आणि मला खुणेने बोलावले. मी वाकून हुंगले. आंबूस भात, आणि त्यात तूप.

हौसाबायने पदर सारखा केला. “पुतन्याची हलद होती,” ती आता हळू आवाजात म्हणाली. “टोपभर भात उरला. मी बोल्ली, पावनं जेवलं, यांनी पन जेवावं. ह्यो सगल्यांत मोठा, म्हून याला जास्ती वारला.”

“तुम्ही मायेनं वाढलंत,” बाई म्हणाल्या. “पण याच्या पोटाला लग्नकार्याची सवय नाही.” एवढेच. आणि त्यांनी पदर खोचला.

त्यानंतर जे झाले ते मी कधी विसरणार नाही. हेल्याचे पुढचे पाय उंचवट्यावर चढवून उभे केले. कडुनिंबाची जाड काठी लगामासारखी तोंडात आडवी बांधली, म्हणजे तो चघळत राहील, लाळ सुटेल आणि वाट मोकळी होईल. तेल पाजले. तेवढ्यात नचिकेत आला, पण नळी ठाण्याला विसरून.

“काठी धरा,” बाई त्याला म्हणाल्या.

“मॅम, मी?”

“तुम्हीच. समोर उभे राहा, दोन्ही हातांनी.”

आणि बाई स्वतः डाव्या कुशीला भिडल्या. दोन्ही मुठींनी, सगळ्या अंगाचे वजन टाकून त्या ती कूस मळू लागल्या, कणकेच्या डोंगरासारखी. खाटेवरून हौसाबाय उठली आणि त्यांच्या शेजारी मळायला उभी राहिली. ढेकरातले विष कमी करण्यासाठी आयुष्य वेचलेली ती बाई एका ढेकरासाठी काकुळतीला आली होती. “दे रे बाळा,” त्या म्हणत होत्या, तान्ह्याला खांद्यावर घेऊन म्हणतात तशा, “एक दे. मोठा दे. असू दे कितीही मिथेन. दे माझ्या राजा.” त्यांचा अंबाडा सुटला होता, आणि मोगरा, लसूण, घाम असे सगळे एकत्र दरवळत होते. हा हेला गेला तर त्याच्याबरोबर पूडही जाणार होती. मुंबईपासून कर्जतपर्यंतच्या एकाही गोठ्याने तिला पुन्हा दार उघडले नसते.

नचिकेतला राहवले नाही. शेपटीकडे आशेने पाहत तो म्हणाला, “मॅम, मागून काही रिलीज होत असेल तर...”

“खालून नाही हो, वरून!” बाई गरजल्या, आणि त्याच क्षणी तो आला.

आधी कुशीच्या आत कुठेतरी गडगड झाली. मग मान लांबली, घशातून एक गोळा चढताना दिसला, आणि हेडक्लार्कने काठीसकट तोंड उघडून नचिकेतच्या चेहऱ्यावर असा ढेकर सोडला की त्याचे नीट बसवलेले केस मागे गेले. त्या ढेकरात अख्खी हळद होती. आंबलेला भात, तूप, आले-लसणाचे वाटण, आणि माझ्या नाकाची शपथ, पुसटसे गुलाबपाणीसुद्धा. लागलीच दुसरा, मग तिसरा. कूस डोळ्यांदेखत ओसरू लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मांडवातल्या बेंजोवाल्याने न राहवून दोन ओळींचा एक तुकडा वाजवला. नचिकेत डोळे मिटून तसाच उभा होता. काठी मात्र त्याने सोडली नव्हती, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

पण हौसाबाय विरघळली नाही. हात धुऊन ती पुन्हा खाटेवर बसली.

“हेला वाचवलास. तुजं भलं होवो. पन तुजी पूर आता आमच्या गोठ्यात नको.” पुडीला ती ‘पूर’ म्हणे.

“आये, चूक भाताची होती,” जनूशेठ म्हणाले.

“भाताची चूक मी कबूल केली. पुरीचा काय? आज भातानं बंद जाला, उद्या पुरीनं होईल. लिवलंय तसा.”

म्हणजे जनावर वाचले आणि चाचणी मेली. नचिकेतने तोंड उघडले, ते बाईंच्या नजरेने मिटवले. त्यांनी अंबाडा बांधला, पिशवीतून आपली डबी काढली आणि हौसाबायच्या समोर जमिनीवर मांडी घातली.

“आजी, एक भाकरी द्याल?”

तांदळाची पांढरी, मऊ भाकरी आली. बाईंनी तिच्यावर डबीतली सगळी पूड पसरली आणि घासाघासाने खाऊन टाकली. वर तांब्याभर पाणी प्यायल्या.

“ही रोज खाते मी. माझा ढेकर बंद झाला असेल, तर पूड घेऊन मी जाते. नसेल झाला, तर चालू ठेवा.”

हौसाबायने मांडी बदलली. “मग दे.”

तेव्हा कुठे बाईंना आपण काय बोलून बसलो ते समजले असावे. इतरांच्या ढेकरांवर अधिकारवाणीने बोलणाऱ्या या बाईंना चारचौघांत साधी उचकी लागली तरी त्या रुमाल शोधत. त्यांचा स्वतःचा ढेकर आमच्या कंपनीत कोणी कधी ऐकलेला नव्हता. आप्पांनी ऐकला असेल तर त्यांनी तो मोठेपणाने लपवला होता. त्या ताठ बसून राहिल्या. गाव बघत राहिले. बाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. हेडक्लार्कने मधेच आणखी एक दिला, तो मोजण्यात आला नाही.

“लाजतंय ती,” कोणीतरी बाई म्हणाली. “बापयांनो, तिकरं तोंड करा!”

पुरुषमंडळी आज्ञाधारकपणे वळून डोंगराकडे पाहू लागली. हौसाबाय खाटेवरून उतरली, बाईंच्या मागे बसली आणि त्यांच्या पाठीवरून खालून वर, खालून वर असा तळवा फिरवू लागली. “दे गो बाय,” ती म्हणाली, “तुजाच गोठा हाय.”

आणि बाईंनी दिला. आखूड, स्पष्ट, अध्यक्षीय समारोपासारखा. लसूण आणि समुद्र.

“चालू हाय!” हौसाबायने जाहीर केले. “पूर घाला रं!”

फलक त्याच दिवशी उतरला. जनूशेठने तो उलटा करून पेंढ्याच्या गंजीवर अंथरला; कापड चांगले आहे, पाणी धरत नाही, एवढी एक प्रशंसा त्याच्या वाट्याला आली. पूड अखेरपर्यंत चालू राहिली, खंड न पडता. डब्यांतली हवा तपासली गेली तेव्हा मिथेन कमी भरला, बाई म्हणत होत्या तेवढा. ढेकर तेवढेच. संचालकांनी मांजरांना दुसऱ्या मजल्यावर जागा दिली, आणि आमच्या पोत्यावर मी लिहिलेली ‘ढेकर तोच’ ही ओळ जशीच्या तशी छापली गेली.

चाचणी संपली, म्हणजेच हेले विकायच्या वजनाला आले. त्याच महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या आणि आप्पांसह मुलीकडे राहायला जाणार होत्या. ट्रक आला त्या सकाळी मी त्यांच्याबरोबर गोठ्यावर गेले. त्यानंतर माझी त्यांची गाठ पडलेली नाही.

ऊन कोवळे होते, आणि धूळ दुधाळ. बाईंनी एकेका हेल्याच्या गळ्यातला डबा स्वतः सोडवला, पट्ट्याने चेपलेले केस बोटांनी उलट फिरवून मोकळे केले. हेडक्लार्क फळीवर चढायला तयार नव्हता. जनूशेठने ढकलले, आणखी दोघांनी ढकलले, शेवटी हौसाबायने पुढे होऊन त्याला पेंडीचा गोळा दाखवला तेव्हा तो चढला. मागची फळी वर गेली. कडी बसली. चालकाने पान थुंकून दार ओढले, तेव्हा बाई त्याच्या खिडकीपाशी गेल्या.

“हळू ने हां गाडी. गतिरोधकावर तर अगदीच हळू.”

चालकाने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “मावशी, हे कुठं चाललेत माहितेय ना? लग्नाला नाय चालले.”

“माहीत आहे मला,” बाई म्हणाल्या. “पण आत्ताच जेवलीत ती.”

त्याने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. बाई कपाळाशी हात धरून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, साडीच्या निऱ्यांना लाळेचे वाळलेले, चकचकीत डाग होते. वळणाआधी गावाचा पहिला गतिरोधक आहे. तिथे ट्रकचे मागचे लाल दिवे लागले आणि बराच वेळ लागून राहिले. पुढची चाके चढली, उतरली. मग मागची चढली, सावकाश, भरल्या घरातून कोणी झोपल्या बाळासकट पाळणा उचलून न्यावा तशी, आणि उतरली.